वाढत्या कंपनीत कल्पकता टिकवायला काय निवडावं: मोकळे तास की सूचना-पद्धत?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात पंधरा माणसं असतात तोवर हा प्रश्न पडत नाही. कुणाला काही सुचलं की तो थेट मालकाच्या टेबलाशी जातो आणि चहा संपेपर्यंत निर्णय होतो. कंपनी महापे-रबाळेला मोठ्या जागेत गेली, माणसं साठ-सत्तर झाली, मधे सुपरवायझर आणि मॅनेजर आले, की सुचलेलं खालच्या खाली विरतं.

एक वाट थ्रीएमची. या अमेरिकी कंपनीने १९४८ पासून तांत्रिक कर्मचाऱ्यांना सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा दिली. पोस्ट-इट चिठ्ठ्या तिथल्याच. पण त्यांच्या तारखा बघा. स्पेन्सर सिल्व्हर यांना हलका चिकटणारा गोंद १९६८ मध्ये सापडला, आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग १९७४ मध्ये सुचला आणि अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. दहा डिझायनर असतील तर १५ टक्के म्हणजे महिन्याला दीड पगार. तो परवडेलही, पण बारा वर्षांचा धीर परवडेल का? डिस्पॅचची घाई आली की आधी हेच तास कापले जातात.

दुसरी टोयोटाची. टोयोटाचे एइजी तोयोदा १९५० मध्ये फोर्डचा कारखाना पाहायला गेले होते; तिथल्यासारखी सूचना-पद्धत, म्हणजे कामगारांनीच सुधारणा सुचवायच्या, टोयोटात १९५१ मध्ये सुरू झाली. यातून नवं उत्पादन क्वचितच निघतं. जिग (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणारा साचा) बदलणं, वाया जाणारा माल वाचवणं, अशा लहान सुधारणा निघतात. दाराशी कुलूपबंद पेटी टांगणं म्हणजे ही पद्धत नव्हे. सूचना सुपरवायझरने वाचायची, आठवड्यात उत्तर द्यायचं, नकार असेल तर कारणासकट.

वर्षातून एकदा हॅकेथॉन, म्हणजे एक-दोन दिवसांत नवी कल्पना करून दाखवायची स्पर्धा, भरवणं हा तिसरा पर्याय सुचवला जातो. उत्साह येतो, पण सोमवारी त्या कल्पनेला वाली नसेल तर तो टिकत नाही.

ऐरोलीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मोकळे तास जरूर द्यावेत, पण वार ठरवून. कारखाना असेल तर माझं मत ठामपणे सूचना-पद्धतीला आहे. मोकळे तास डिझाइन विभागापुरतेच राहतात, शॉपफ्लोर बाहेर पडतो. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यात कितीतरी हात कंत्राटी आहेत, आणि मशीनची खोड त्यांनाच आधी कळते. त्यांची सूचना त्यांच्याच नावावर नोंदली जाईल आणि बक्षीसही त्यांनाच मिळेल, हे पहिल्या दिवशी लेखी ठरवून घ्या.