दहा इंची टेबल सॉ, आठ महिन्यांनंतर: दोष मोटरचा कमी, जुळणीचा जास्त

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या गोल ब्लेडवर फळी ढकलून कापायचं यंत्र. हे असं: १८०० वॅटची मोटर, १० इंची (२५४ मिमी) ब्लेड, अॅल्युमिनियमचं टेबल, घडीचा स्टँड. या वर्गातली यंत्रं आतून बरीचशी सारखीच असतात, म्हणून कंपनीचं नाव टाळलं आहे. आठ महिने सागवान, प्लाय आणि प्रीलॅम बोर्ड (वर सजावटीचा थर आधीच चिकटवलेला) कापल्यावरचं मत असं: पैसे वसूल होतात, पण खोक्यातून काढून थेट कामाला लावलं तर नाही.

सगळ्यात आधी डोकं खातात त्या जळक्या कडा. सागवानाची फळी चिरली की कड काळपट, आणि दोष बिचाऱ्या ब्लेडला. आधी ब्लेड मायटर स्लॉटला, म्हणजे टेबलावरच्या ब्लेडशेजारच्या सरळ खाचेला, समांतर आहे का ते बघा. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दात्यावर मार्करनं खूण करा. तो दाता पुढे आणून स्लॉटपासूनचं अंतर मोजा, मग ब्लेड हातानं फिरवून तोच दाता मागे नेऊन पुन्हा मोजा. दाता बदललात तर ब्लेडचा स्वतःचा बाकही मापात मिसळतो. या यंत्रात फरक ०.४ मिमी निघाला, तो ०.१ च्या आत हवा. त्यासाठी टेबलाखालचे मोटर धरणारे बोल्ट अॅलन कीनं जेमतेम सैल करायचे आणि लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके द्यायचे. आवळताना सगळं पुन्हा सरकतं, त्यामुळे शेवटचं माप आवळल्यानंतरचं.

मग फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ पुढे ढकलायची ती पट्टी. तीही त्याच स्लॉटवरून लावायची. मागच्या टोकाला ०.०५ ते ०.१ मिमी बाहेर गेलेली चालते, आत मात्र अजिबात नको. आत असली तर फळी ब्लेडच्या मागच्या दात्यांवर दाबली जाते आणि अंगावर उसळते. इथे यंत्राची खरी कमजोरी आहे: फेन्सचा खटका पुढे घट्ट बसतो, मागचं टोक भुशावर तरंगतं. कापण्याआधी फेन्स सरकते ती रेल ब्रशनं झाडणं आणि दोन्ही टोकांना टेपनं मोजणं, याला पर्याय नाही.

फळी अर्ध्यात अडकत असेल तर रायव्हिंग नाइफची, म्हणजे ब्लेडच्या मागे उभ्या, काप उघडा ठेवणाऱ्या पातीची जाडी वाचा, तिच्यावरच कोरलेली असते. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. सोबतच्या ब्लेडचा काप २.८ मिमी, नाइफ २.३. स्वस्तातलं २.२ मिमी कापाचं पातळ ब्लेड बसवलं की लाकूड नाइफवरच अडतं. मग लोक नाइफच काढून टाकतात. तसं करू नका. ओलं किंवा पिळाचं लाकूड कापता कापता मिटतं आणि ब्लेड आवळतं, तेव्हा तीच वाचवते.

मोटर दमते या तक्रारीत अर्धा वाटा वायरचा. ३० मीटर लांब, ०.७५ चौरस मिमीच्या एक्स्टेन्शनमध्ये पूर्ण भारावर साधारण १२ व्होल्ट वाटेतच जातात, आणि वेटोळं तसंच ठेवलं तर वायर तापते. २.५ ची वापरा. उरलेला वाटा दात्यांचा: जाड सागवान चिरायला २४ दात्यांचं ब्लेड, ६० चं नव्हे. दात्यांवर राळ चढली असेल तर रॉकेलनं पुसा, वाळू द्या, मग बसवा. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) ५-६ मिमी उरले की जोडीनंच बदला.

प्रीलॅमचे कपचे खालच्या बाजूनं उडतात, कारण दाते वरून शिरून खाली बाहेर पडतात. चांगली बाजू वर ठेवा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर आधी २ मिमी खोल काप, मग पूर्ण उंचीचा. ब्लेड ६० ते ८० दात्यांचं.

ब्लेड उभं आहे हे दाखवणाऱ्या ९० अंशाच्या खुणेवर विश्वास नको. टाकाऊ पट्टी कडेवर उभी धरून आडवी कापा, एक तुकडा उलटा करून कड कडेला भिडवा. दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते. ब्लेडला ९० अंशावर थांबवणारा स्टॉपचा स्क्रू फटीच्या निम्मी चूक धरून फिरवा.

उंचीचं चाक जड झालं की ग्रीस लावण्याचा मोह होतो. ग्रीसवर भुसा बसून आठवड्यात गिअर लापशीसारखा होतो. कोरडा ब्रश आणि मेणबत्तीचं मेण पुरतं. टेबलावरही मेणच, सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे पॉलिशला डोळे पडतात, म्हणजे बारीक गोल खड्डे दिसतात.

आख्खी ८ बाय ४ फुटांची शीट मात्र या टेबलावर घेऊ नका. ती आधी जमिनीवर ट्रॅक सॉनं (रुळावर सरकणाऱ्या हातातल्या गोल करवतीनं) किंवा हातकरवतीनं अर्धी करा.