स्विंगमधील बटणाचा फोकस: ‘सेटफोकसेबल’ की ‘सेटरिक्वेस्टफोकसएनेबल्ड’?

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्विंग या, खिडक्या-बटणे तयार करण्याच्या संचात लिहिलेल्या मजकूर-संपादकात टूलबारवरील ‘ठळक’ बटणावर माउसने क्लिक केले, की फोकस (म्हणजे कळफलकावर दाबलेल्या कळा ज्या घटकाकडे जातात तो मान) मजकुरातून निघून बटणाकडे जातो. त्यानंतर टंकलेली अक्षरे कोठेच उमटत नाहीत आणि स्पेसबार दाबल्यास तेच बटण पुन्हा दाबले जाऊन ठळकपणा उलटतो.

जावा १.४ मध्ये, म्हणजे २००२ साली आलेल्या ‘सेटफोकसेबल’ या मेथडला (बटणाला प्रोग्रॅममधून द्यायच्या आज्ञेला) फॉल्स, म्हणजे ‘नाही’, दिल्यास बटण फोकस घेतच नाही. माउसची अडचण मिटते, परंतु टॅब कळही ते बटण ओलांडून पुढे जाते, त्यामुळे ज्यांचे सारे काम कळफलकावर चालते (दृष्टिहीन वापरकर्त्यांचे चालतेच) त्यांना ऑल्टसह दाबायचे अक्षर किंवा मेन्यूतील पर्याय दिला नसेल, तर ते बटण असून नसल्यासारखे होते.

‘सेटरिक्वेस्टफोकसएनेबल्ड’ या दुसऱ्या मेथडला फॉल्स दिल्यास क्लिकने फोकस हलत नाही, मात्र कळफलकाने बटणापर्यंत पोहोचता येते. तांत्रिकदृष्ट्या ही केवळ सूचना आहे, तरी स्विंगची नेहमीची बटणे ती पाळतात. बहुओळी मजकुरात टॅब कळ मोकळी जागाच घालत असल्याने तेथून बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-टॅब लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तरीही टूलबारसाठी मी हा दुसराच पर्याय निवडीन. पहिला पर्याय, तीच आज्ञा मेन्यूत शॉर्टकटसह उपलब्ध असेल तेव्हाच.