थंड पाण्यातील डायव्हिंग: वेटसूट की ड्रायसूट?

इंग्लंडमधील लेस्टरशरच्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या ग्रॅनाइटच्या खाणीत मित्रमंडळींसह शनिवार-रविवार डायव्हिंगला जायचे, तर खरा प्रश्न पोशाखाचा असतो. 7 मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे आत थोडे पाणी येऊ देणारा अंगासरशी रबरी पोशाख, स्वस्त, सुटसुटीत आणि वेगळ्या प्रशिक्षणाविना वापरता येणारा आहे. मात्र त्याची ऊब निओप्रीन या स्पंजासारख्या रबरातील वायूच्या बुडबुड्यांवर अवलंबून असते आणि 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट झाला की ते आक्रसतात, म्हणजे जिथे थंडी अधिक तिथेच तो पातळ पडतो. ड्रायसूटमध्ये मानेच्या व मनगटांच्या घट्ट पट्ट्या पाणी बाहेर ठेवतात, आत फ्लीसचे कपडे घालता येतात आणि खाली उतरताना झडपेतून हवा भरली की अंगावरचा दाबही सुसह्य होतो. हीच हवा पायांकडे सरकली, तर डायव्हर उलटा होऊन वेगाने वर खेचला जाऊ शकतो; त्यामुळे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात आधी सराव हवाच. ऑगस्टमध्ये वेटसूट चालून जाईल. हिवाळ्यात मात्र पहिल्या डाइव्हनंतर ओलाकिच्च सूट बोचऱ्या वाऱ्यात पुन्हा अंगावर चढवणे ही शिक्षाच असल्याने, भाडे जास्त पडले तरी मी ड्रायसूटच घेईन.