जुनं कंपाउंड धनुष्य आणि ९४० डॉलरची फसवणूक: रायफल सोडून धनुष्याकडे वळणाऱ्यांनी वाचाच

धनुष्य ७४०, सहा बाण ९६, तीन ब्रॉडहेड (बाणाची पातीदार टोकं) ३९, रिलीज (दोरी पकडून सोडायचं साधन) ६५. एकूण ९४० डॉलर. वर दुकानातल्या तपासणीचे ३५. यातला रिलीज तेवढा खरा निघाला. बाकी ८७५ डॉलरचा माल एक तर मोडका, नाही तर नकली. आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं, हे पुढचं वाचलं की तुमच्याही लक्षात येईल.

हे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात घडलं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांना हा विषय लांबचा वाटेल. पण इथे परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाणारे मराठी लोक आहेत. शेजारच्या न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालत नाही, म्हणून तिकडचेही काही जण नदी ओलांडून इकडे येतात. रायफलचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर थोडेच दिवस असतो, धनुष्याचा मात्र ऑक्टोबरच्या आगेमागे सुरू होऊन कित्येक आठवडे चालतो. नोव्हेंबरातला माजाचा काळ, जेव्हा नर दिवसाउजेडी फिरतात, तोही त्यात येतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेले, वीस-वीस वर्षं रायफल चालवलेले लोक धनुष्याकडे वळतात. फसवणारे याच लोकांवर डोळा ठेवून असतात.

कारण साधं आहे. रायफल पारखायची आपल्याला सवय असते. नळीत उजेड टाकून आतली रेषा बघायची, तोंडाची कड बघायची, बोल्ट मागेपुढे करायचा, दस्त्यावरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करायचं. धनुष्याला यातलं काही लागू नाही. धनुष्याचा जीव लिम्ब (वरचे-खालचे वाकणारे हात), कॅम (त्यांच्या टोकांची चाकं) आणि दोरी यांत असतो, आणि ते तिन्ही वरून चकचकीत दिसत असतानाही आतून गेलेले असू शकतात. शिवाय रायफल कुणाच्याही खांद्याला थोडीफार बसते. धनुष्य हे चपलेसारखं आहे, मापाचं नसेल तर फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

या धनुष्याची जाहिरात अशी होती: ‘ड्रॉ वेट ५० ते ६० पौंड, ड्रॉ लेंग्थ २७ इंच, दोरी नवी, फारसं न वापरलेलं, खांदा दुखतो म्हणून विकतो.’ ड्रॉ वेट म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, ड्रॉ लेंग्थ म्हणजे ती किती मागे येते ती लांबी. हंगाम तोंडावर आला होता. नव्या धनुष्याला साइट (नेम धरायला), रेस्ट (बाण टेकवायला), बाण जोडले की सहज हजार-बाराशेच्या पुढे जातं. १०० डॉलर आगाऊ पाठवा, नाही तर दुसरा माणूस उद्या येतोय, असा तगादा. भेट एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये.

आता ती जागा सांगतो, जिथे सगळं समोर होतं. दोन्ही लिम्बच्या टोकांना, जिथे कॅमचा ॲक्सल (आस) बसतो तिथे, कॅमो (झाडीत मिसळून जाणाऱ्या नक्षीचा) टेप गुंडाळलेला होता. व्यवस्थित, घट्ट, दोन-तीन वेढे. रायफलवाल्याला त्यात वावगं काय दिसणार? नळीला, दुर्बिणीला, दस्त्याला असा टेप आपण सगळेच लावतो, चमक दिसू नये म्हणून. पण धनुष्याचं लिम्ब मुळात कॅमो छापलेलंच येतं, हेही तसंच होतं. कॅमोवर कॅमो टेप कशाला? हा एक प्रश्न तिथे विचारला असता तर ८४० डॉलर वाचले असते. आजही त्या टेपचा विचार आला की तळपायाची आग मस्तकात जाते. कुणाही अनुभवी शिकाऱ्याची नजर तिथे फसली असती, आणि तो टेप लावला होता तोही नेमका त्यासाठीच.

ड्रॉ लेंग्थ तपासून घ्यायला धनुष्य दुकानात नेलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने पहिल्यांदा टेप सोलला. खाली ॲक्सलच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर, दीड इंच लांब. त्याने कापसाचा बोळा लिम्बच्या कडेवरून फिरवला, तर पांढरे तंतू अडकून तिथेच राहिले. याचा अर्थ वरचा थर फुटून काचतंतू उघडे पडलेत. हे ड्राय फायरचं लक्षण. बाण न लावता दोरी सोडली की जी ताकद बाणाने न्यायची ती उलटी लिम्ब, कॅम आणि दोरीवर आदळते. कधी धनुष्य तिथल्या तिथे फुटतं, कधी अशी चीर पडून थांबतं आणि पुढच्या कधीतरी पूर्ण ताणलेलं असताना तुमच्या तोंडापाशी फुटतं. ६० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ (शेवटी हाताला मिळणारी सूट) असेल तर पूर्ण ताणल्यावर हाताला फक्त १२ पौंड लागतात, पण लिम्बवर ताण सगळा असतो. हे माहीत असणाऱ्या माणसाने चीर झाकून धनुष्य विकलं. याला व्यवहार नाही, गुन्हा म्हणतात.

मग कॅम. सरळ बाणाची कांडी कॅमच्या सपाट बाजूला टेकवून दोरीच्या दिशेने धरायची. ती दोरीला जवळजवळ समांतर जायला हवी. इथे ती दोरीला आडवी जात होती, कॅम वाकलेला. दोरीला नुसतं भरपूर मेण चोळलेलं होतं. सर्व्हिंगचे (दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक दोऱ्याचे) वेढे पीपखाली (नेमासाठी दोरीत बसवलेल्या छिद्राखाली) सुटलेले, दोरीला कुसळं आलेली. दोरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. ‘नवी आहे’ म्हणणाऱ्याकडे दुकानाची पावती मागा.

सगळ्यात नीच प्रकार लेबलचा. प्रत्येक लिम्बवर ड्रॉ वेटचं लेबल असतं. इथल्या ‘५०–६०’ लेबलची कड नखाने उचलली तर खाली दुसरं लेबल: ‘६०–७०’. लिम्ब कसणारे बोल्ट बाहेर फिरवून वजन उतरवलेलं होतं, इतकं की बो स्केलवर (ड्रॉ वेट मोजायच्या काट्यावर) ६१ पौंड दाखवत होतं. बोल्ट किती फेरे ढिले चालतात ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बहुतेक धनुष्यांत कमाल वजनाच्या १० पौंड खालीपर्यंत जाता येतं. त्यापुढे गेलात तर लिम्ब खोबणीतून निसटू शकतं. पन्नाशीनंतर नव्याने ताणणाऱ्या खांद्याला ४५–५० पौंडांपासून सुरुवात करावी, आणि पेनसिल्व्हेनियाच्या नियमाला ३५ पौंड पुरतात. ७० पौंडांच्या लिम्बवरून ४५ला कधीच उतरता येत नाही. बसून, हात पुढे धरून, आकाशाकडे न उचलता जे धनुष्य सरळ मागे येतं तेच तुमचं वजन.

ड्रॉ लेंग्थ २७ नव्हती, २९ निघाली. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि २.५ने भागा. अंतर साडेसदुसष्ट आलं तर ड्रॉ लेंग्थ २७. काही धनुष्यांत मॉड्यूल (कॅमवरचा तुकडा) फिरवून लांबी बदलते, काहींत नवा मॉड्यूल किंवा अख्खा कॅम घ्यावा लागतो. ‘बदलता येते’ एवढ्यावर समाधान मानू नका, कशी बदलते ते करून दाखवायला सांगा. पार्किंगमध्ये ताणून बघायचं म्हटलं तर उत्तर मिळालं, ‘रिलीज पाकिटात बंद आहे, बोटांनी ओढलंत तर चुकून ड्राय फायर होईल.’ ज्याचं धनुष्य ड्राय फायरने मोडलंय तो आपल्याला ड्राय फायरची भीती घालतो!

बाण ५०० स्पाइनचे. स्पाइन म्हणजे लवचीकपणाचा आकडा, जितका मोठा तितका बाण लवचीक. ते ४०–४५ पौंडांच्या आसपासच्या धनुष्याला ठीक, ६० पौंडांना फार लवचीक. सहांपैकी दोन कार्बन बाण वाकवून कानाशी धरले तर करकर आवाज. असा बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो. विकत घेतलेला प्रत्येक बाण वाकवून, पिरगाळून, ऐकून बघायचा. आणि बाणाचं एकूण वजन ड्रॉ वेटच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन (वजनाचं बारीक माप), म्हणजे ६० पौंडांना ३००. त्याहून हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायरच.

ब्रॉडहेडची वेगळी चीड आहे. नावाजलेल्या मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडणाऱ्या) ब्रॉडहेडच्या नकला बाजारात आहेत, याबद्दल इथल्या उत्पादकांनी पूर्वीच सावध केलेलं आहे. पाकिटावर १०० ग्रेन. काट्यावर ९३, ९७ आणि १०८. एकाचं पातं हलवताच उघडत होतं, एकाचं जोर लावूनही उघडेना. पातं हवेतच उघडलं तर बाण भरकटतो, लागल्यावर उघडलं नाही तर नियमातली ७/८ इंचाची किमान रुंदीही भरत नाही आणि हरीण जखमी होऊन झाडीत मरायला जातं. ३९ डॉलर गेले ते गेले. पण हे विकणाऱ्याला जनावराची काही चाड नाही. कमी वजनाच्या धनुष्याला तसंही फिक्स्ड ब्रॉडहेडच घ्यावं, उघडायला ताकद वाया जात नाही.

दुरुस्तीचा अंदाज: लिम्बचा जोड २१०, कॅम २४०, दोरी आणि केबल १६५, मजुरी ८०. एकूण ६९५ डॉलर, आणि तेही रायझर (मधला मुठीचा भाग) सरळ असेल तर. तंत्रज्ञाने स्पष्ट सांगितलं, करू नका.

आता दाद मागण्याची कथा. पोलिसांनी फोटो बघितले, दोन्ही लेबलं बघितली आणि म्हणाले, ‘वस्तू हातात घेऊन घेतलीत ना? हा दिवाणी वाद.’ खोटं लेबल चिकटवणं हा दिवाणी वाद कसा होतो, याचं उत्तर नाही. सिरियल नंबर चोरीच्या यादीत नाही म्हणून फाइल बंद. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केला, संरक्षण न विचारता गेलेल्या पैशांना. पैसे पाठवायच्या ॲपवाले म्हणतात तुम्ही ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडलात. तो पर्याय विकणाऱ्याने सांगितला म्हणून निवडला, हे लिहून दिलं. उत्तरात तोच परिच्छेद पुन्हा आला. ग्राहक तक्रारीच्या सरकारी खात्याने कळवलं की विक्रेता व्यावसायिक नाही, खासगी व्यक्ती आहे, आमच्या कक्षेत येत नाही. सायबर तक्रारीचा अर्ज भरला, तर एक क्रमांक मिळाला आणि त्यानंतर शांतता. धनुष्याच्या कंपनीने सिरियल नंबरवरून पाच मिनिटांत सांगितलं की ते कारखान्यातून ६०–७० पौंडांच्या लिम्बसह निघालंय. पण लेखी द्यायला नकार, आणि वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला. मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट कोर्टात (छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) १२,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण नोटीस पाठवायला माणसाचं खरं नाव आणि पत्ता लागतो. तो शोधून द्यायचं काम कुणाचं? पोलीस म्हणतात कोर्टाचं, कोर्टाचा कारकून म्हणतो तुमचं. ९७५ डॉलर गेलेला माणूस या खिडकीतून त्या खिडकीत, आणि विकणारा निवांत.

म्हणून पैसे देण्याआधीच सिरियल नंबरचा फोटो मागवा आणि कंपनीला फोन करा. भेट धनुष्याच्या दुकानातच ठेवा. तपासणीचे ३५ डॉलर तुम्ही भरता म्हणा. खरा विकणारा येतो. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. आगाऊ रक्कम नाही. ‘मित्र-नातेवाईक’ पर्याय नाही, शुल्क पडलं तरी वस्तूखरेदीचाच पर्याय निवडा. लिम्बवर टेप, रबराची टोपी, स्टिकर, काहीही असेल तर आधी काढायला लावा.

हा माणूस अजून विकतोय. जाहिरातीत ‘खांदा दुखतो’ हे कारण तेच, फोटो कायम रायझरचे आणि साइटचे, लिम्बची टोकं चौकटीबाहेर. टोकांचा जवळून फोटो मागितला की ‘आता घरी नाही’ असं उत्तर येतं. तिथेच सोडा.