एकट्याचा मुक्काम : एकपदरी तंबू की टार्प आणि बिव्ही?

प्राणी-पक्षी पाहायला किंवा त्यांचे फोटो काढायला जो एकटा चार-पाच दिवस डोंगरात राहतो, त्याची गरज नेहमीच्या ट्रेकरपेक्षा थोडी वेगळी असते. ट्रेकर ऊन वर आल्यावर तंबू वाळवतो आणि मग निघतो. आपल्याला झुंजूमुंजू होण्याआधीच जागा धरून बसायचं असतं. म्हणजे दव सगळ्यात जास्त असतं, नेमकं तेव्हा सामान आवरायचं. माझा बहुतेक हिशेब याच गोष्टीभोवती फिरतो, म्हणून ती आधी सांगतो.

दुपदरी तंबूबद्दल, म्हणजे आत जाळी आणि बाहेर कापड असे दोन पदर असलेल्या तंबूबद्दल, फार लिहीत नाही. तो आरामशीर असतो, वाऱ्यापावसात भरवशाचा असतो. पण एकट्यासाठी घेतला तरी किलो-सव्वा किलोच्या घरात जातो. लेन्स आणि ट्रायपॉड सॅकमध्ये गेल्यावर एवढं वजन मला परवडत नाही. ज्याला परवडतं, त्याने डोळे झाकून तोच घ्यावा.

उरतात दोन पर्याय. एक, ट्रेकिंग पोलवर (चालायच्या काठीवर) उभा राहणारा, एकाच कापडाचा एकपदरी तंबू. दुसरा, वर टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणलेलं छपरासारखं कापड, आणि खाली बिव्ही, म्हणजे झोपायच्या सामानावर चढवायची पातळ पिशवी. वजनावर यांचा निकाल लागत नाही. एकपदरी तंबू कापडाप्रमाणे साधारण अर्धा ते पाऊण किलोचा, थोडा जास्तही. साधा सिलनायलॉनचा (सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा) टार्प आणि हलकी बिव्ही मिळूनही सहाशे ग्रॅमच्या आसपास जातात. डायनिमा या खूप हलक्या, मजबूत धाग्याच्या कापडाने दोन्ही आणखी हलके होतात, पण किंमत कितीतरी पट वाढते. तेव्हा शंभर-दोनशे ग्रॅमसाठी रात्र रात्र वजनांचे तक्ते पाहत बसू नये, असं मला वाटतं.

तंबूच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. तो पटकन उभा राहतो, चेन ओढली की डास-किडे बाहेर राहतात, ओले कपडे बसल्या बसल्या बदलता येतात. एकटं असताना चहूबाजूंनी कापड असण्याचा मनाला आधारही असतो. तो मी कमी लेखत नाही. झाडं नसलेल्या उघड्या धारेवर वारा सुटला की तंबूवाला निवांत असतो आणि टार्पवाला दोऱ्या ताणत असतो.

पण माझ्यासाठी निर्णय झाला तो आतून सुटणाऱ्या पाण्यावर. आकाश निरभ्र असलं की रात्री कापड आपली उष्णता वर सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. बाहेरून दव धरतं आणि आत आपल्या श्वासातली वाफ त्याच गार कापडावर पाणी होऊन बसते. दुपदरी तंबूत ते पाणी बाहेरच्या पदरावर राहतं, आपला स्पर्श होतो तो आतल्या जाळीला. एकपदरी तंबूत मधे काहीच नसतं. पायाकडची भिंत तिरपी खाली येते, आणि माझ्यासारख्या उंच माणसाच्या स्लीपिंग बॅगचं टोक रात्रभर तिला टेकून राहतं. पहिल्या रात्री काही जाणवत नाही. पण ती बॅग तशीच ओलसर भरायची, संध्याकाळी तशीच उलगडायची, असं होत गेलं की बॅगेत भरलेली पायाकडची पिसं गोळा होतात, फुगत नाहीत आणि पाय गारठतात. अंगाला पुरेशी ऊब असताना फक्त पावलांच्या गारव्याने जाग येते. थकलेल्या शरीराला त्याइतका त्रास दुसऱ्या कशाचाच होत नाही.

उपाय नाहीत असं नाही. दार उघडं ठेवावं, वरचे झरोके कधी बंद करू नयेत, पाण्याजवळ किंवा दरीच्या तळाशी झोपू नये, पायांवर रेनकोट टाकावा. याने फरक पडतो, मी हे सगळं करतो. पण वारा पडलेल्या स्वच्छ रात्री भिंतींना पाणी सुटायचं ते सुटतंच. मग पहाटेच्या अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात फडक्याने भिंती पुसत राहायचं, आणि तेवढ्यात जनावरं चरून आडोशाला जाण्याची वेळ टळून जाते. ज्या घटकेसाठी इतकं चालत आलो तीच पुसण्यात गेली, हे मला कधी सोसलं नाही.

टार्पच्या खालच्या अंगालाही पाणी धरतं, ते लपवत नाही. पण खालून हवा खेळती राहते, कापड अंगापासून लांब असतं आणि पायाला भिंतच नसते. पहाटे टार्प झटकायचा, बाहेरच्या खिशात कोंबायचा आणि निघायचं; झोपायचं सामान तोवर कोरडंच सॅकमध्ये गेलेलं असतं. शिवाय पडल्या पडल्या बाहेरचं ऐकू येतं, दिसतं. रात्रीची हाक कुठल्या अंगाने आली हे टार्पखाली जितकं नेमकं कळतं तितकं बंद तंबूत कळत नाही. आपण जातो त्यासाठीच ना?

मात्र बिव्ही निवडताना जपा. वरचा पदर पूर्ण जलरोधक असला तर ती स्वतःच आतून ओली होते आणि आपण पुन्हा तिथेच येतो. तळ जलरोधक, वरचं कापड हवा जाऊ देणारं आणि तोंडावर जाळी, एवढंच हवं. तोंड आत घालून झोपू नये. टार्पचं कापडही पाहून घ्या. सिलनायलॉन भिजलं की सैलावतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. सिलपॉली, म्हणजे सिलिकॉन चढवलेलं पॉलिस्टर, तितकं सैल पडत नाही. मजबुतीत ते किंचित उणं मानतात, तरी मी तेच घेईन.

याच निवडीवर अंथरूणही ठरतं. पाठीखाली दबलेली पिसं फारशी ऊब देत नाहीत, म्हणून क्विल्टला, म्हणजे बॅगेऐवजी वापरायच्या हलक्या रजईला, तळच नसतो, वजन वाचतं. क्विल्टची अडचण म्हणजे कूस बदलताना कडेने शिरणारी हवा. बिव्ही तीच अडवते. त्यामुळे टार्प, बिव्ही आणि पिसांची क्विल्ट यांचं छान जमतं. डोक्याला वेगळी गरम टोपी लागते इतकंच. एकपदरी तंबूच घेणार असाल तर पायाकडून थोडं ओलं झालं तरी ऊब टिकवणारी सिंथेटिक (पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेली) बॅग जड असूनही शहाणपणाची ठरावी. सलग पावसाच्या दिवसांत तर टार्पखालीही सिंथेटिकच बरी.

बॅगवर मोठ्या अक्षरात छापलेलं तापमान पुष्कळदा शेवटच्या मर्यादेचं असतं. आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगच्या मानकात कम्फर्ट (आरामात झोप लागेल असं तापमान) आणि लिमिट (जेमतेम निभावेल असं) असे वेगळे आकडे असतात. एकट्याने कम्फर्टचाच धरावा. मॅटच्या बाबतीत एएसटीएम एफ३३४० हे मानक आल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर-व्हॅल्यूची, म्हणजे जमिनीचा गारवा अडवण्याच्या क्षमतेच्या आकड्याची, तुलना करता येते. फोमची मॅट साधारण २ च्या आसपास असते, शून्याजवळच्या थंडीला ४ तरी असावी. एकावर एक मॅट घातल्या की आर-व्हॅल्यूची बेरीज होते. म्हणून मी हवेच्या मॅटखाली पातळ फोम घालतो. हवेची मॅट फुटली तर शेजारी मागायला कोणी नसतं.

तुमचा मुक्काम बहुतेक उघड्या धारांवर किंवा डासांच्या मुलखात असेल, तर मी टार्पचा आग्रह धरणार नाही. अशा वेळी समोरासमोर दोन दारं असलेला आणि झोपल्यावर डोक्यापायाकडे वीतभर जागा उरेल असा लांब तंबू पाहा. झाडीच्या कडेने, थोड्या उंचवट्यावर झोपणारे असाल तर टार्प घ्या. वरच्या पानांमुळे दवही कमी पडतं, फक्त डोक्यावर वाळकी फांदी नाही ना ते पाहायचं. टार्प फार छोटा घेऊ नका. साधारण अडीच बाय तीन मीटरचा असला तर तिरप्या पावसातही डोक्यापायाशी पुरतो. आणि निघण्याआधी ताणदोरीची सरकती गाठ अंधारात, गार पडलेल्या बोटांनी मारता येते का, एवढं पाहून ठेवा.