संत्र्याची साल आणि मोहफुले: काळ्या बियरसाठी गावाकडची दोन पाकिटे

आमच्या संत्र्याच्या बागेपासून दोन कोसांवर, वरुड तालुक्यातच, एका महिला बचत गटाने संत्र्याची वाळवलेली साल आणि मोहफुले पाकिटात भरून विकायला काढली आहेत. सालीचे १०० ग्रॅमचे पाकीट मला ८० रुपयांना मिळाले, तर मोहफुलांचे अर्ध्या किलोचे १२० रुपयांना. गट ही साल उटण्यासाठी आणि मोहफुले लाडवांसाठी म्हणून विकतो. मी मात्र ती घेतली इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलाच्या स्टाउटसाठी, म्हणजे तो भाजलेल्या जवापासून जी काळी बियर घरी बनवतो तिच्यासाठी. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना घरी बियर बनवता येत नाही, तेव्हा हा प्रयोग गावात करण्याजोगा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तिकडे स्वतःपुरती बियर घरी बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. गेल्या वर्षी जूनपासून तीन महिने मी मुलाकडे होतो आणि दोन्ही पाकिटे माझ्यासमोर फोडली गेली.

साल उत्तम आहे. पाकीट उघडताच स्वयंपाकघरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या संत्र्याच्या पिकाची, तोडणी सुरू असल्यासारखा वास दरवळला, आणि बागेत आयुष्य गेलेल्या माणसाला जुन्या सालीचा धुरकट, कडवट वास लगेच ओळखता येतो, तो यात नव्हता. बेल्जियममधील गव्हाच्या फिकट बियरमध्ये कडू संत्र्याची साल घालण्याची जुनी रीत आहे. आपल्या नागपुरी संत्र्याची साल तिच्यापेक्षा पातळ आणि वासाने गोडसर असते, आणि भाजलेल्या जवाच्या कॉफीसारख्या कडवट चवीला हा गोडसर वास फार शोभून दिसतो. २० लिटरला ३० ग्रॅम साल पुरली. मात्र ती माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे, पाणी उकळण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतच घालावी लागते, कारण सालीतले सुगंधी तेल जास्त उकळले की वाफेबरोबर उडून जाते आणि मागे नुसता कडवटपणा उरतो.

या सालीबद्दल माझी एकच तक्रार आहे. आतला पांढरा पापुद्रा न काढताच ती वाळवलेली आहे. उटण्यात त्याने काही बिघडत नसेल, पण काळ्या बियरमध्ये भाजक्या जवाचा कडवटपणा आधीच असतो आणि त्यावर हा पापुद्रा आपला कडवटपणा चढवतो. सुनेने साल कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चमच्याने पांढरा भाग खरवडून काढला. त्यात ३० ग्रॅमसाठी तिचा जवळजवळ तास गेला.

मोहफुलांविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे. फुले मेळघाटातून येतात. बऱ्याच ठिकाणी फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि मग त्या धुराचा वास फुलांत उतरतो. या फुलांना तसा वास अजिबात नव्हता. मनुका आणि काकवी एकत्र ठेवल्यासारखा दाट वास होता. धुताना भांड्याच्या तळाशी चिमूटभर बारीक रेती मात्र बसली, म्हणून दोन पाण्यांत धुण्याला पर्याय नाही.

पहिल्या खेपेला मुलाने बियर आंबून झाल्यावर, केवळ वासासाठी, २५० ग्रॅम फुले उकळून पाण्यासकट पिंपात टाकली आणि तिसऱ्या दिवशी बाटल्या भरल्या. आठवडाभरातच रात्री कपाटात एक बाटली फुटली. सकाळी उघडलेल्या दुसऱ्या बाटलीतली अर्धी बियर फेसाबरोबर ओट्यावर वाहून गेली. हिशेब नंतर बसला. वाळलेल्या मोहफुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणजे २५० ग्रॅम फुलांतून किमान १२५ ग्रॅम साखर पिंपात गेली. बाटलीत फेस धरावा म्हणून २० लिटरमागे जी साखर घालतात, तीही साधारण १२० ते १४० ग्रॅमच असते. म्हणजे फुलांची साखर यीस्टने (साखर खाऊन बियर आंबवणाऱ्या आणि वायू सोडणाऱ्या किण्वाने) पुरती खाण्याआधीच बाटल्या बंद झाल्या आणि आत नेहमीपेक्षा बराच जास्त वायू तयार झाला. कॉफी किंवा व्हॅनिला घातल्याने असे होत नाही, कारण त्या पदार्थांत यीस्टला खायला फारसे काही नसते. मोहफूल बियरला चव देते, पण त्याबरोबर यीस्टला खाद्यही पुरवते.

दुसऱ्या खेपेला तितकीच फुले उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत सालीच्या आधी घातली आणि मगच यीस्ट सोडले. हायड्रोमीटरवरचा, म्हणजे बियरमध्ये किती साखर उरली ते दाखवणाऱ्या उपकरणावरचा, आकडा सलग तीन दिवस हलला नाही, तेव्हा बाटल्या भरल्या. एकही फुटली नाही. फुलांचा गोडवा यीस्टने खाल्ला, पण मनुकेचा वास शिल्लक राहिला. महिन्याने ग्लासात ओतली तेव्हा फेस तपकिरी आणि घट्ट होता, पहिल्या घोटाला भाजका जव लागला, मग संत्रे, आणि घोट गिळल्यावर उशिरा मोह. मुलगा म्हणाला, “बाबा, हा तर आजोबांच्या कोठीचा वास आहे.” आमच्या कोठीत चैत्रात फुलांची पोती असत, त्यामुळे तो काय म्हणतो ते मला लगेच कळले.

साल मी पुन्हा नक्की घेईन. मोहफुलेही घेईन, पण पाकिटावर वाळवल्याची तारीख छापावी, असे गटाला सांगून आलो आहे, कारण पावसाळ्याची ओल लागलेली फुले काळी पडून आंबूस होतात आणि बाहेरून ते कळत नाही. येत्या आंबिया बहाराची आमच्या बागेतली साल गटाच्या महिला पांढरा पापुद्रा काढून वाळवणार आहेत. त्या कामाचे पाकिटामागे वीस रुपये जास्त द्यायला मी आनंदाने तयार झालो आहे.