स्पेन्स की क्रॉफर्ड? २९ जुलैला कुणाच्या बाजूने बसायचं

हे जुलै २०२३ मध्ये, फाइटच्या आधी लिहिलंय. बॉक्सर एरोल स्पेन्स २८ पैकी २८ जिंकलेला, टेरेन्स क्रॉफर्ड ३९ पैकी ३९, आणि दोघं एकदाचे २९ जुलै २०२३ ला लास वेगासच्या टी-मोबाइल अरीनात समोरासमोर येतायत. स्पेन्सकडे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या संघटनांचे तीन बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदं, क्रॉफर्डकडे डब्ल्यूबीओचा, म्हणजे जिंकेल तो चारही घेऊन जाणार. वेल्टरवेटमध्ये, म्हणजे १४७ पौंडात, चारही बेल्ट एकाच वेळी एका पुरुष बॉक्सरकडे आजवर कधीच आलेले नाहीत. २०१८ मध्ये क्रॉफर्ड या वजनात आला तेव्हापासून लोक ही फाइट मागतायत आणि मधली सगळी वर्षं प्रमोटर वेगळे, टीव्ही वेगळा यातच गेली. आता ठरलीय तर प्रश्न एवढाच की कुणाची बाजू घ्यायची. माझा कल क्रॉफर्डकडे आहे, ते आधीच सांगून टाकतो, पण स्पेन्सची बाजू लेचीपेची अजिबात नाहीये, त्यामुळे ती नीट ऐकून मग ठरवा.

कागदावरचं आधी उरकून घेऊ. स्पेन्स ३३ वर्षांचा, क्रॉफर्ड ३५ चा आणि सप्टेंबरमध्ये ३६ पूर्ण करेल. उंचीला स्पेन्स दीडेक इंच जास्त, पण हाताचा पल्ला क्रॉफर्डचा ७४ इंच आणि स्पेन्सचा ७२, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात कारण स्पेन्स रिंगमध्ये अंगाने मोठा दिसतो. नॉकआउट स्पेन्सचे २२, क्रॉफर्डचे ३०, टक्केवारी काढली तर दोघं जवळपास सारखेच. या आकड्यांवरून कोण जिंकेल हे कळत नाही. कोण कुणाशी लढला आणि कसा लढला ते बघावं लागतं.

स्पेन्सपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या ज्यांना २०१२ चं लंडन ऑलिम्पिक आठवतंय त्यांना हा माणूस आठवेल, विकास कृष्णनने ज्याला १३-११ ने हरवलं होतं आणि मग अमेरिकेच्या अपीलवर निकाल फिरवून ज्याला पुढे पाठवलं, तोच हा. प्रो झाल्यावर मात्र त्याने कुणाला शंका घ्यायला जागा ठेवली नाही. मे २०१७ मध्ये थेट शेफील्डला जाऊन केल ब्रूकला त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर ११ व्या राउंडमध्ये संपवला आणि आयबीएफचा बेल्ट घेतला. २०१९ मध्ये मायकी गार्सियाला बारा राउंड नुसत्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, फिरवला, तीनपैकी दोन जजेसनी १२०-१०८ दिले आणि एकाने १२०-१०७, म्हणजे एकाही जजने गार्सियाला एकही राउंड दिला नाही. गार्सिया दोन वजनं वर चढून आला होता हे खरं, पण सगळ्यांना वाटत होतं की डोक्याने गार्सिया भारी पडेल आणि झालं उलटंच. मग शॉन पोर्टर, डॅनी गार्सिया, योर्डेनिस उगास. वेल्टरवेटमध्ये गेल्या सहा वर्षांत स्पेन्सने जी नावं हरवलीत तशी यादी क्रॉफर्डकडे या वजनात नाही, हे क्रॉफर्डच्या फॅन्सनी मान्य करायलाच हवं.

स्पेन्सची लढायची पद्धत समजायला सोपी आणि अडवायला महाकठीण. साऊथपॉ आहे, म्हणजे डावखुऱ्यासारखा उजवा हात-पाय पुढे ठेवून लढतो, उजव्या हाताचा जॅब सतत चालू, पाय पुढे पुढे, आणि मग डावा हात पोटात आणि बरगड्यांत. तो एका ठोशात कुणाला आडवा करायच्या मागे नसतो, प्रत्येक राउंडला तुमच्यातली थोडी थोडी हवा काढून घेतो, आणि आठव्या नवव्या राउंडला समोरच्याचे पाय जड झालेले तुम्हाला घरबसल्या दिसतात. त्यात वेग एकसारखा, बारा राउंड तसाच. एखाद्याला कुणाची बाजू घ्यायची ते प्रेशर आणि बॉडी पंचिंग आवडतं म्हणून ठरवायचं असेल तर आज या खेळात स्पेन्ससारखे फार कमी आहेत.

क्रॉफर्डचं उलट आहे, त्याची एक पद्धत अशी नाहीच. जन्माने उजव्या हाताचा, पण साऊथपॉमध्येही तितकाच सहज लढतो आणि हल्ली तर बराच वेळ तिथेच असतो. ओमाहाचा माणूस, १३५ पौंडात चॅम्पियन, १४० पौंडात चारही बेल्ट एकत्र केले (ऑगस्ट २०१७, इंडोन्गोला तिसऱ्याच राउंडला), आणि मग १४७ ला येऊन जेफ हॉर्नकडून डब्ल्यूबीओ काढून घेतला. परवा जिंकला तर दोन वजनांत चारही बेल्ट एकत्र करणारा पहिला पुरुष बॉक्सर होईल. आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही, की २०१६ मधल्या पोस्टोलच्या फाइटनंतर त्याच्या सलग दहा फाइट्स जजेसपर्यंत गेलेल्याच नाहीत, दहाच्या दहा वेळेआधी संपल्या. यात लहान वजनातले आहेत, वय झालेले आहेत, आमिर खान तर लो ब्लोनंतर, म्हणजे कमरेखाली ठोसा बसल्यावर, थांबला, सगळं कबूल, पण प्रत्येक फाइटमध्ये एक क्षण येतो जिथे क्रॉफर्डला समोरच्याचं गणित सुटतं, आणि तिथून पुढे तो दयामाया दाखवत नाही.

कमतरता? आहे. सुरुवात संथ. बघत बसतो, मोजत बसतो, आणि त्या वेळात मार खातो. डिसेंबर २०१९ मध्ये काव्हालियाउस्कसने तिसऱ्या राउंडमध्ये त्याला असा हलवला की तो चक्क समोरच्याला धरून खाली गेला, रेफरीने नॉकडाउन दिला नाही पण कितीतरी जणांना तो वाटला होता. नवव्या राउंडला क्रॉफर्डनेच संपवलं, तरी स्पेन्ससमोर तिसऱ्या राउंडला तसा ठोसा बसला तर स्पेन्स मागे हटून उभा राहणार नाही.

आता दोघांनी हरवलेले दोन जण, ब्रूक आणि पोर्टर, कारण थेट तुलना इथेच होते. ब्रूक स्पेन्सकडे आला तेव्हा चॅम्पियन होता, त्याच्या आधीच्या फाइटमध्ये गोलोव्हकिनने त्याच्या डोळ्याचं हाड मोडलेलं होतं आणि स्पेन्ससमोर दुसऱ्या बाजूचं मोडलं, तरी पहिले पाच सहा राउंड ती बरोबरीची फाइट होती. क्रॉफर्डकडे तोच ब्रूक २०२० मध्ये आला, वय वाढलेलं, वजन कष्टाने उतरवलेलं, आणि तरी पहिले तीन राउंड ब्रूकचा जॅब छान लागत होता. मग क्रॉफर्ड साऊथपॉमध्ये गेला आणि चौथ्या राउंडला उजव्या हाताच्या एका ठोशाने ब्रूक दोरांवर जाऊन आदळला आणि संपलं. स्पेन्सचा विजय मोठा कारण ब्रूक चांगला होता, पण क्रॉफर्डचा विजय जास्त बोलका, कारण तीन राउंडात त्याने काय वाचलं ते चौथ्यात दिसलं.

पोर्टरचं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं कारण त्यात वयाचा फरक तेवढा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पोर्टरने स्पेन्सला बारा राउंड अक्षरशः ओढत नेलं, ११ व्या राउंडला स्पेन्सच्या डाव्या हुकने तो खाली गेला नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही, स्प्लिट डिसिजन होती, दोन जज ११६-१११ स्पेन्सच्या बाजूने आणि तिसरा ११५-११२ पोर्टरच्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रॉफर्डशी तोच पोर्टर नऊ राउंड चांगला लढला, क्रॉफर्ड थोडाच पुढे होता, आणि दहाव्याला दोनदा खाली गेल्यावर त्याच्या वडिलांनी, जे त्याचे ट्रेनरही होते, फाइट थांबवली. त्याआधी पोर्टरला कुणीच थांबवलेलं नव्हतं. स्पेन्स पोर्टरशी पोर्टरच्या पद्धतीने लढला आणि ताकदीवर निभावून नेलं, क्रॉफर्डने वाट बघितली आणि दार उघडल्या उघडल्या आत घुसला. स्पेन्सच्या बाजूने असाल तर ही दुसरी फाइट बघून मग ठरवा, इतकंच माझं म्हणणं.

आता उभं राहण्याची गोष्ट, स्टान्स, आणि माझ्या मते सगळं इथे अडकलंय. स्पेन्सच्या टायटल फाइट्समध्ये समोरचे सगळे ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा हात-पाय पुढे ठेवणारे, होते. क्रॉफर्डने साऊथपॉ लोकांना टायटल फाइटमध्ये हरवलंय, फेलिक्स डियाझ आणि इंडोन्गो दोघंही डावखुरे. दोघं साऊथपॉ उभे राहिले की उजवा पाय उजव्या पायासमोर येतो, जॅबला जॅब सरळ भिडतो, आणि दोन इंच लांब हात असलेल्याचा फायदा होतो. पण त्याच वेळी क्रॉफर्डची उजवी बाजू, म्हणजे लिव्हरची बाजू, पुढे येते, आणि स्पेन्सचा डावा हात नेमका तिथेच जातो. म्हणून क्रॉफर्ड ऑर्थोडॉक्समध्ये सरकला तर लिव्हर मागे जाईल, पण मग स्पेन्सचा सरळ डावा मधून थेट हनुवटीवर यायला रस्ता मोकळा. म्हणजे क्रॉफर्डला फुकटात काहीच मिळत नाही, कुठे उभं राहायचं आणि किती वेळ, हे दर राउंडला ठरवावं लागणार, आणि असले निर्णय घेण्यात त्याच्या तोडीचा आत्ता मला तरी कुणी दिसत नाही. स्पेन्सने हे बदल होण्याआधीच, म्हणजे पहिल्या चार राउंडात, शरीरावर मारा करून पाय मंद केले तर चित्र वेगळं होईल.

दुसरी काळजी स्पेन्सच्या शरीराची. ऑक्टोबर २०१९ मध्ये डॅलसला त्याच्या फेरारीचा भयानक अपघात झाला, गाडी उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. १४ महिन्यांनी परत येऊन डॅनी गार्सियाला हरवला, त्याला सलामच. मग २०२१ मध्ये पॅकियाओविरुद्धच्या फाइटआधी मेडिकलमध्ये डोळ्याच्या पडद्याला चीर निघाली, तिथे उगास उभा राहिला आणि पॅकियाओला हरवून गेला, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याच उगासला स्पेन्सने दहाव्या राउंडला थांबवून बेल्ट घेतला. ती फाइट परत बघा, सहाव्या राउंडला स्पेन्सचं माउथपीस (दातांवरचं कवच) पडलं आणि तो ते बघायला वळला तोवर उगासने दोन चार ठोसे टाकले. सावरला, जिंकला, पण क्रॉफर्डसमोर असा अर्धा सेकंद नजर हटली तर परत मिळत नाही. त्यानंतर १५ महिने स्पेन्स लढलेलाच नाही, आणि वजन १४७ पर्यंत उतरवणं त्याला जड जातंय हे लपून राहिलेलं नाही. क्रॉफर्ड डिसेंबरमध्ये अवानेसियानला सहाव्या राउंडला झोपवून आलाय, तो काही महान प्रतिस्पर्धी नव्हता पण अंग मोकळं राहिलं.

कॉर्नर, म्हणजे ट्रेनर, दोन्हीकडे भक्कम, स्पेन्सकडे डेरिक जेम्स, क्रॉफर्डकडे ब्रायन मॅकिन्टायर, इथे कुणाला झुकतं माप देणार नाही.

अंडरकार्ड, म्हणजे मुख्य फाइटच्या आधीच्या फाइट्स, सोडू नका. चाळिशीचा नोनितो डोनेर बॅन्टमवेटच्या रिकाम्या डब्ल्यूबीसी बेल्टसाठी अलेहान्द्रो सान्तियागोशी लढतोय, आणि त्या वयात त्या वजनात टायटल फाइट हीच केवढी मोठी गोष्ट. इसाक क्रूझ आणि न हरलेला जोव्हानी काब्रेरा हीसुद्धा आहे, क्रूझ कधीच कंटाळवाणा लढत नाही.

तर बाजू घ्यायची झालीच तर अशी घ्या. तुम्हाला वाटतंय की वेग, ताकद आणि बारा राउंडचं प्रेशर शेवटी अनुभवावर मात करतं, आणि स्पेन्सने जास्त चांगल्या लोकांना हरवलंय हा मुद्दा तुम्हाला वजनदार वाटतो, तर स्पेन्स, आणि त्याच्यासाठी तो पॉइंट्सवर जिंकेल असंच धरा, कारण त्याच्या शेवटच्या चार फाइट्सपैकी तीन पूर्ण अंतर गेल्या. फाइटच्या मधोमध स्वतःला बदलणारा माणूस जिंकतो असं वाटत असेल तर क्रॉफर्ड, आणि मग थांबवून, उत्तरार्धात. मी क्रॉफर्डबरोबर आहे, नववा ते अकरावा राउंड, पहिले चार स्पेन्सने घेतले तरीसुद्धा. फक्त पाचव्या राउंडला एक गोष्ट बघा: स्पेन्सचा डावा हात अजून बरगड्यांत जातोय की क्रॉफर्डच्या उजव्या जॅबमुळे मधेच थांबतोय. थांबत असेल तर मी निवांत बसेन, जात असेल तर मलाही घाम फुटेल.